वेळेचा रकाना

कंटेनर वस्ती, मलात्या
१९ मे २०२३, शुक्रवार

प्रिय बेरीन,

सलाम. खुशाल असशील. इलायला पाचवा आठवडा लागला ना? संध्याकाळचा तिचा रडण्याचा कार्यक्रम थांबला की अजून चालूच आहे? पोट दुखत असेल तर बडीशेपेचं पाणी तू पी, तिला पाजू नकोस. तायफुनला सलाम सांग. मी बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो भूकंपाच्या आधीही दुखायचाच, तेव्हा त्याचं खापर कोणावर फोडत नाही.

चार दिवस तुझे फोन येतायत आणि मी उचलत नाही. मुद्दाम. फोनवर तू रडशील, मग मी तुझी समजूत घालत बसेन, आणि जे बोलायचं ते राहून जाईल. आपल्या घरात धाकट्यांचं असंच चालत आलंय. म्हणून कागद घेतला. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

आधी ब्लँकेटाचं सांगते. या पार्सलात वरच एक तपकिरी ब्लँकेट आहे, कडेला पिवळी पट्टी असलेलं. फेब्रुवारीत तू पाठवलेल्या बारांपैकी एक. तू ते परत मागितलंस, म्हणून पाठवलंय. स्वच्छ धुतलेलं आहे, हाताने धुतलंय, कारण मशीनं आली नाहीत.

तुला वाटलं असेल, इझमीरमध्ये बसून फोनवर चार ओळी लिहिल्या, इथे कोण वाचतंय. ऐक, कोणी वाचल्या ते.

रविवारी मतदान झालं. मंगळवारी तुमच्या इझमीरच्या मंडळाची कपडे धुण्याची सहा मशीनं येणार होती. तूच कळवलं होतंस. आमच्या गल्लीतल्या बायका सकाळी आठपासून गाठोडी घेऊन उभ्या होत्या. हौसेने नव्हे गं. पोरांना खरूज झालीय. माझ्या वर्गातल्या अठ्ठावीस मुलांपैकी सतरा जण बोटांच्या बेचक्या खाजवत पाढे म्हणतात. डॉक्टर मलम देतो आणि म्हणतो, कपडे, अंथरुणं उकळत्या पाण्यात धुवा. साठ कंटेनरांना दोन नळ. उकळतं पाणी कुठून आणायचं, ते तो सांगत नाही.

अकराच्या सुमाराला टेंपोवाल्याचा फोन आला.

"बाई, मला परत फिरवलंय. अफ्योनपर्यंत आलो होतो. तिकडच्या बायका म्हणाल्या, मशीनं उतरवू नका, माघारी आणा."

"का?"

"ते मला काय विचारता? मतं तुम्ही दिलीत."

मी फोन ठेवला. बायकांना काय सांगावं या विचारात होते, तेवढ्यात दोन्दू मावशींची नात सुदे फोन बघता बघता म्हणाली, "शिक्षिकाबाईंच्या बहिणीनेच लिहिलंय की इथे." तेरा वर्षांची पोर, तिला काय कळतंय! वाचायला लागली आणि दुसऱ्या ओळीला अडली.

दोन्दू मावशी म्हणाल्या, "थांबलीस का? वाच पुढे. मोठ्याने वाच, मला कमी ऐकू येतं."

मग तिने वाचलं. 'आम्ही ब्लँकेटं पाठवली, पोटाला चिमटा काढून पैसे पाठवले. तुम्ही अध्यक्ष म्हणून पुन्हा त्यालाच निवडलंत. आता तंबू तुम्हाला लखलाभ. माझं ब्लँकेट तेवढं परत करा.' खाली चारशे बारा जणांनी शाबासकी दिलेली. तेही तिने वाचलं.

गाठोडी तशीच उचलली आणि बायका पांगल्या. दोन्दू मावशी तेवढ्या थांबल्या.

"बेरीन म्हणजे तीच ना, तुझ्या आईच्या दारात दोरीवरच्या उड्या मारायची? गोरीशी?"

"हो, मावशी."

"कुठलं गं तिचं ब्लँकेट? निळं की तपकिरी?"

मी म्हटलं, "मावशी, तिच्याकडे लक्ष देऊ नका. तिचं डोकं ठिकाणावर नाही."

"तिचं डोकं राहू दे. तपकिरी का?"

बुधवारी दुपारी शाळेच्या तंबूतून आले तर ब्लँकेट घडी घालून माझ्या पायरीवर ठेवलेलं, ओलसर. सत्तर वर्षांची बाई, दोन मुलगे आणि एक सून गेलेली, नातीला घेऊन एका कंटेनरात राहते, तिने थंड पाण्यात ते एवढं जड धूड पिळलं. बेरीन, तिला उबेची गरज संपली म्हणून तिने ते दिलेलं नाही. मलात्यात मे महिन्यातही पहाटे हात गारठतात, हे तुला मी सांगायला नको.

आणि हो, दोन्दू मावशींनी त्यालाच मत दिलं. तुझ्यापासून लपवण्यासारखं त्यात काही नाही, त्या चौकात उभ्या राहून सांगतात. तुला वाटतं, चहाच्या पुड्यावर विकल्या गेल्या. चहाचा पुडा मिळाला, खरं आहे. एप्रिलमध्ये सत्तेतली मंडळी आली तेव्हा आदल्या दिवशी आमच्या गल्लीतल्या चिखलावर खडी टाकली. पाहुणे चालणार होते तेवढ्यावरच, बरं का, पुढचा चिखल तसाच. पोरांना रंगीत चेंडू वाटले, बायकांना चहा. व्यासपीठावरून सांगितलं, वर्षाच्या आत घर. दोन्दू मावशींनी चहा घेतला, आणि त्यांच्या कंटेनरवर अध्यक्षाचं चित्र चिकटवायला आलेल्या माणसाला हाकलून दिलं. "पत्रा माझा आहे," म्हणाल्या.

मग तुझी, विरोधी पक्षाची, माणसंही आली. 'तुझी' म्हणते, रागावू नकोस. त्यांनी घर फुकट देतो म्हणून सांगितलं. बरोबर कॅमेरा होता. एका मुलीने मावशींना म्हटलं, आजी, मुलांचा फोटो असेल तर हातात धरा ना, असा छातीशी. मावशी म्हणाल्या, "फोटो भिंतीबरोबर गेला." ती मुलगी म्हणाली, "मग कुठलाही धरा." कुठलाही! मी तिथे होते, बेरीन. मी हे ऐकलंय.

मतदानानंतर मी मावशींना विचारलं होतं, "असं का केलंत? भूकंपानंतर दोन दिवस कुणी फिरकलं नव्हतं, विसरलात?"

त्या म्हणाल्या, "विसरेन कशी? तोंडावर थुंकायची इच्छा आहे माझी. पण त्याच्या हातात यंत्रं आहेत, सिमेंट आहे. दुसरा चांगला असेलही. त्याला खुर्चीवर नीट बसायलाच वर्ष जाईल. माझ्याकडे किती वर्षं आहेत? मी गेले की ही पोरगी पत्र्यात राहणार का?"

मला हे पटलं असं मी म्हणत नाही. पण हा हिशेब करणारी बाई मूर्ख नाही. जिच्या डोक्यावर छप्पर नाही, तिला दोघांनीही छप्पर दाखवून मत मागितलं आणि मग तिने निवड केली तर सगळा देश तिच्यावर तुटून पडला. पन्नास टक्क्यांना अर्धा टक्का कमी पडून अध्यक्षाचं घोडं अडलं, म्हणून अठ्ठावीस तारखेला पुन्हा मतदान. त्या अर्ध्या टक्क्याचा राग आमच्यावर काढलात. आमच्याहून दुप्पट मतं त्याला जिथे पडली आणि जिथे कपसुद्धा फुटला नाही, तिथल्या कुणाकडे ब्लँकेट परत मागितलंत का?

आता तू विचारशील, आणि ताई, तू कुणाला दिलंस? चार दिवसांतल्या फोनांत हेच विचारायचं असणार तुला. मी सांगणार नाही. मी तुझ्या बाजूची निघाले तर मशीनं पाठवणार आहेस का? फक्त माझे कपडे धुवायला? मत दाखवून मदत घ्यायची असेल तर ती मला नको. आणि तुझ्या मनातल्या चांगल्या भूकंपग्रस्तांच्या यादीत मला बसायचं नाही. एका यादीनेच मला पुरेसं छळलंय.

ती यादी सांगते.

तुला माहीत आहे, शिक्षकांना मतदान केंद्रावर बसवतात. मला आमच्याच वस्तीतल्या पेटीचं प्रमुख केलं होतं. शाळेच्या कंटेनरात दोन टेबलं, पडदा, पेटी. सत्ताधाऱ्यांचा निरीक्षक म्हणून कोण बसला होता, सांगू? जेव्देत. नगरपालिकेतला मीटर वाचणारा, आईच्या खालच्या मजल्यावरच्या साबरींचा धाकटा भाऊ. विरोधकांकडून अंकाराहून आलेली एक वकील बाई, इल्गिन नावाची. हुशार मुलगी, दिवसभर उपाशी बसली, जागची हलली नाही. ते मान्य करते.

यादी सकाळी माझ्या हातात आली. नावं लावताना एकशे चौदाव्या ओळीवर आईचं नाव दिसलं. मुझेय्यन. जन्मसाल, पत्ता, पुढे सहीची मोकळी जागा. पत्ता तोच, दुसरा मजला, पाच नंबर.

मला धक्का बसला म्हणावं, तर तसंही नाही. आईला आम्ही गावाकडे बर्फात पुरलं, इमामसाहेब होते, चार माणसं होती, दाखला कोणी केला नाही. मी तीन महिने नोंदणी कचेरीत गेलेच नाही. का गेले नाही, ते पुढे येतंय. तर सरकारदरबारी आई जिवंत आहे आणि चौदा तारखेला तिला मतदानाला बोलावलं होतं.

दिवसभर लोक येत होते. कोणी मेर्सिनहून, कोणी कोन्याहून बसने, बारा-बारा तास प्रवास करून, जिथे घर होतं तिथे मत द्यायला. प्रत्येक जण सही करताना यादीत वरखाली नजर टाकायचा आणि शेजाऱ्यांची नावं वाचायचा. एक माणूस नुसता बोट ठेवून उभा राहिला, 'हा, ही, हा' असं म्हणत. मागची रांग कुरकुरली नाही.

पाच वाजता केंद्र बंद केलं. तेवीस ओळी रिकाम्या होत्या. जेव्देत खुर्ची ओढून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "ताई, देशभर अगदी चुरशीचं चाललंय. वरून फोन येतायत. हे तेवीस जण आता यायचे नाहीत. यातले किती मातीखाली आहेत, तुलाही ठाऊक आहे. सह्या झाल्या तर कुणाचं काय बिघडतंय?"

"जेव्देत, तुझं बोट कुठे आहे बघ."

त्याने बघितलं. बोट एकशे चौदावर होतं. त्याने हात असा मागे घेतला की टेबलावरची शाई सांडली. "ताई, मी वाचलं नव्हतं," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तोवर इल्गिनने ऐकलं. ती पुढे आली, यादी बघितली, आणि तिचे डोळे चमकले. खोटं नाही सांगत, चमकले.

"ही बाई मृत आहे? तुम्हाला खात्री आहे?"

"आहे."

"मग मला या ओळीचा फोटो घेऊ द्या. मेलेली बाई यादीत! आज संध्याकाळीच बातम्यांत लागेल. किती मोठी गोष्ट आहे, कळतंय ना तुम्हाला?"

"ती माझी आई आहे."

तिने फोन खाली घेतला. मग म्हणाली, "मला वाईट वाटतं. पण मग तर तुम्हीच बोलायला हवं. तुमचा चेहरा..."

"माझा चेहरा माझ्याजवळ राहू दे. फोटो काढायचा नाही."

"तुम्ही त्यांना पाठीशी घालताय!"

बेरीन, मी तीस वर्षं शिकवतेय, वर्गात कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशी ओरडले. "एकाला आईची सही हवी आणि दुसरीला तिचं नाव हवं! तिला बाहेर काढायला कोण आलं होतं तुमच्यापैकी?" पडद्यामागे झाडू मारणारा शिपाई बाहेर आला. मी पट्टी घेतली, तेवीसही ओळींपुढे रेघ मारली आणि लिहिलं, 'मतदानास आले नाहीत.' मग पेटी उघडली आणि प्रत्येक मतपत्रिका हातात धरून मोठ्याने वाचली. आवाज एकदाही अडखळला नाही. आमच्या पेटीत काय निघालं, ते तुला आकड्यांतून कळलंच आहे, त्यावरच तू लिहिलंस.

सोमवारी मी नोंदणी कचेरीत गेले. कारकून भला माणूस आहे, त्याचाही हात गळ्यात बांधलेला. म्हणाला, दवाखान्याचा कागद नाही, तेव्हा मृताच्या दोन जवळच्या नातलगांनी लिहून द्यावं लागेल. नोटरीसमोर दोन सह्या. दोन नातलग म्हणजे मी आणि तू. दुसरं कोण उरलंय?

तो अर्ज या पार्सलात ब्लँकेटाच्या घडीत आहे. माझी सही झालीय. तुझी करून परत पाठव. पण सही करण्याआधी चौथा रकाना वाच. 'मृत्यूची तारीख व वेळ.' तू वाचशील आणि तुला वाटेल, ताईने चूक केली. म्हणून हे सगळं पत्र. ब्लँकेट, मशीनं, यादी, सगळं खरं आहे, रागही खरा आहे, पण मी आतापर्यंत या रकान्याला वळसा घालून लिहितेय.

चूक नाही ती. आई सोमवारी पहाटे गेली नाही.

मी तुला फोनवर सांगितलं, छत आलं आणि झोपेतच गेली, डॉक्टर म्हणाले काही कळलंही नसेल. कोणी डॉक्टर नव्हता. आई मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी गेली. पस्तीस तास ती आत जिवंत होती आणि बोलत होती. मी, जेव्देत आणि दोन पोरं हाताने, तव्याने, दरवाजाच्या कडीने उकरत होतो. मधला सिमेंटचा स्लॅब आमच्याने हलला नाही. त्याला यंत्र लागत होतं. जेव्देतने त्याच्या माणसांना चाळीसदा फोन केला, त्या बर्फात उभा राहून आईबहिणीवरून शिव्या दिल्या, रडला. त्याच इमारतीत त्याचा भाऊही होता. यंत्र बुधवारी आलं. कॅमेरावाले त्याच्या आधी तासभर.

आणि तोच जेव्देत चौदा तारखेला त्यांच्या खुर्चीवर बसला. मी विचारलं होतं त्याला. "साबरीचा पोरगा वाचलाय, ताई. त्याला वाढवायचंय. माझी नोकरी त्यांच्या हातात आहे." त्यालाही लिहिशील का, बेरीन, तंबू लखलाभ म्हणून?

तुला तेव्हा सातवा महिना होता, म्हणून सांगितलं नाही, ही सबब खरी आहे. पूर्ण नाही. मला ते तोंडाने उच्चारता आलं नाही. खोटं रकान्यातही लिहिता आलं नाही, म्हणून तीन महिने कचेरीची पायरी चढले नाही. तू म्हणालीस ना, त्यांना सोसल्याचा विसर पडला? मला एक मिनिटसुद्धा विसर पडलेला नाही. मला मिनिटं माहीत आहेत.

सही कर. नाही तर अठ्ठावीस तारखेनंतरही ती यादीतच राहील आणि कोणीतरी पुन्हा बोट ठेवील.

तुझ्यावर संतापलेली,
नेझाहतताई



कंटेनर वस्ती, मलात्या
३१ मे २०२३, बुधवार

प्रिय बेरीन,

अर्ज मिळाला, नोटरीच्या शिक्क्यासह. सोबत तुझी एका ओळीची चिठ्ठी. बाळ बरं आहे एवढंतरी लिहायचंस. असो. तुझा प्रश्न वाचला, 'ती काय बोलली?' उत्तर देते. त्याआधी दोन गोष्टी.

तू ते लिहिलेलं पुसून टाकलंस. सुदेने दाखवलं. मला ते आवडलं नाही. इथल्या सगळ्यांनी वाचलं ते, त्यांच्या मनातून कसं पुसशील? पुन्हा लिही, आपल्या नावाने, की मी असं म्हटलं होतं आणि ते चुकीचं होतं. चारशे बारा जणांना तेही वाचू दे. शाबासकी मिळणार नाही. आणि मशीनं पाठव. माफी मागाहून आली तरी चालेल, मशीनं आधी. खरूज मतमोजणीसाठी थांबलेली नाही.

दुसरी फेरी पार पडली. निकाल तुला माहीत आहे, तू दोन दिवस जेवली नसशील. इथे सत्तेतल्यांनी हॉर्न वाजवत एक गाडी फिरवली. वस्तीच्या फाटकापाशी दोन्दू मावशी उभ्या होत्या. "पोरं झोपलीत, बंद करा," म्हणाल्या. पोरं झोपली नव्हती, संध्याकाळ होती. त्यांनी हॉर्न बंद केला. यादी तीच होती, आईचं नाव त्यात होतं, मी पुन्हा रेघ मारली. जेव्देत या वेळी निरीक्षक म्हणून बसला नाही. ताप आहे म्हणून कळवलं. ताप नव्हता. मत देऊन बाहेर पडला तेव्हा मी कपाळाला हात लावून बघितला. नोकरीचं काय होतंय, बघायचं. घराचं कुणी अजून काही बोललेलं नाही. मतदान होऊन गेलं, आता पाहुणे येत नाहीत. खडी होती तेवढीच आहे.

आता आईचं.

पहिले काही तास ती रागावलेली होती. "डोक्यावर कोण नाचतंय? हळू!" असं खेकसली. मग गॅस बंद आहे का विचारलं. मी म्हटलं, आई, गॅस राहिलेला नाही. "म्हणजे बंदच ना," म्हणाली. पाय दुखत नाहीत म्हणाली, आणि मी त्याने खूश झाले, बेरीन. दुखत नाहीत म्हणजे काय, हे मला नंतर कळलं. जेव्देतला म्हणाली, टोपी घाल, तुझे कान लहानपणापासून कच्चे आहेत. अंधारल्यावर तिने प्रार्थना म्हटली, मधली ओळ विसरली, आम्ही वरून सांगितली.

सारखी विचारायची, "येतायत ना?"

मी सांगायचे, "येतायत, आई. पुलाजवळ आलेत."

कितीदा सांगितलं असेन, मोजलं नाही. दर वेळी पूलच तोंडात यायचा. मंगळवारी सकाळी तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. ती म्हणाली, "नेझाहत, तो पूल केवढा लांब झालाय गं."

तिला कळलं होतं. आणि तरी नंतर तिने मला एकदाही विचारलं नाही. माझ्यासाठी विचारलं नाही.

तुझ्याबद्दल दोनदा बोलली. पहिल्यांदा, बेरीनच्या बाळंतपणाला कोण जाईल. मी म्हटलं, तूच जाशील. दुसऱ्यांदा, मंगळवारी दुपारी, आवाज अगदी खोल गेला होता, मला दगडाला कान लावावा लागला. "बेरीनला कळवू नकोस. पोटुशी आहे, वेडी आहे, बर्फात गाडी काढील." मी हो म्हटलं. त्यानंतर तिने काही सांगितलं असेल तर ते मला ऐकू आलं नाही. जेव्देतने घड्याळ बघितलं.

हे मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं नाही, कारण मग सगळा दोष आईच्या शब्दावर ढकलल्यासारखं झालं असतं. तुझ्याशी खोटं बोलले ते मी. आईशी पुलाबद्दल खोटं बोलले तीही मीच. मला दोघींशी खोटं बोलायला लागलं, आणि ज्यांच्यामुळे लागलं त्यांना मी माफ करणार नाही. कुठल्या बाजूचे आहेत ते विचारून तर मुळीच नाही.

आज सकाळी कारकुनाने शिक्का मारला. वेळ तीन वाजून दहा, तशीच नोंदली. त्याने एकदा वर बघितलं आणि विचारलं, "सहा तारीख नाही का, बाई? इथे सगळ्यांची सहा तारीख, पहाटे चार सतरा आहे. तसंच लिहितोय आम्ही." मी म्हटलं, "नाही. सात. तीन दहा." त्याने खोडाखोड केली नाही. मागे रांगेत एक माणूस होता, तो माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याची पाळी आल्यावर त्याने स्वतःचा अर्ज परत मागून घेतला आणि वेळेचा रकाना खोडला. मी बाहेर पडले तेव्हा तो तिथेच उभ्याने लिहीत होता.

इलायला प्रवास झेपायला लागला की ये. तायफुन असला तर बरं, नसला तरी ये. कपडे, खाऊ काही आणू नकोस. गावाकडे आईला भेटून येऊ. दोन्दू मावशींच्या दारात मी तुझ्याबरोबर उभी राहणार नाही, ते तुझं तू निस्तरायचंस. आणि माझा राग गेलाय असं समजून येऊ नकोस. तो आहे, राहील. त्यातला तुझ्या वाट्याचा थोडा आहे, आणि तू समोर आलीस की तो कमी होईल, म्हणूनच बोलावतेय.

एकशे चौदाव्या ओळीवरून नाव काढून आलेली, तुझी
नेझाहतताई